दोन बाबांचे घर आणि उपनगरातील सोसायटी
डोंबिवली, बदलापूर किंवा विरारच्या इमारतीत समलिंगी जोडप्याच्या घरी मूल आले की शेजाऱ्यांपासून फार काळ काही लपून राहत नाही. एका मजल्यावर चार दारे असतात आणि मूल खाली खेळायला जातेच. म्हणून लोकांनी तर्क लढवण्याआधी आपणच सांगावे, आणि त्यासाठी सर्वसाधारण सभेची वाट पाहू नये. सभेत विषय निघाला की दोन तट पडतात. तेच समोरच्या घरी चहाला बसून सांगितले, तर ती नुसती ओळख राहते.

मी आमच्या शेजारच्या काकूंना एवढेच म्हटले होते, "काकू, हा माझा जोडीदार. मुलाचे आम्ही दोघेही बाबा आहोत." त्या बराच वेळ कपातल्या सायीकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "शाळेतून आणायला कोण जातं?" त्या प्रश्नात मुलाची काळजी होती, म्हणून तो मला आजही मोलाचा वाटतो. पुढे पावसात मध्य रेल्वे ठप्प झाली आणि आम्ही दोघेही अडकलो, त्या रात्री मुलगा त्यांच्याकडे वरणभात खाऊन झोपला. अशी दोन-तीन घरे जोडली गेली, तर बाकी इमारतीची फार चिंता करू नये.

खरी तयारी मुलाची करावी लागते. "तुझी आई कुठे आहे?" हा प्रश्न जिन्यात, बागेत, वाढदिवसाला येणारच, तेव्हा "मला दोन बाबा आहेत" हे छोटे उत्तर त्याला घरीच सवयीचे करून द्यावे. त्याहून अधिक समजावण्याची जबाबदारी त्याची नाही, हेही त्याला सांगावे. मूल दत्तक असेल, तर ते त्याला आपल्याच तोंडून, लहानपणीच कळू द्यावे. वर्गशिक्षिकांना शाळा सुरू होण्याआधी भेटावे आणि मातृदिनाचे भेटकार्ड किंवा "माझे कुटुंब" हा निबंध आला तर काय करता येईल, हे आधीच ठरवावे.

कागदपत्रांत ढिलाई नको. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, परंतु 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात विवाहाला मान्यता मिळाली नाही आणि अविवाहित जोडप्याला एकत्र दत्तक घेण्याचा हक्कही बहुमताने नाकारला गेला. त्यामुळे दत्तकपत्रावर एकाचेच नाव असते, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. ज्याचे नाव आहे त्याने वकिलाच्या सल्ल्याने इच्छापत्र करून त्यात जोडीदाराला मुलाचा पालक नेमावे. मुलाला नेण्या-आणण्याचे लेखी पत्र शाळेत द्यावे आणि तसेच एक बालरोगतज्ज्ञांकडेही ठेवावे. संयुक्त बँक खाते उघडण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले आहे.

कोणी आपल्या मुलांना तुमच्या मुलाबरोबर खेळू देणार नाही, असेही होईल. व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर देऊ नये. त्या घरी जाऊन एकदा शांतपणे बोलावे, आणि उपयोग झाला नाही तर मुलाला त्यांच्या दाराशी पुन्हा पाठवू नये. मन फार थकले, तर मुंबईत 1994 पासून समलिंगी समुदायासाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थेशी बोलावे.

सणाची कामे मात्र सोडू नयेत. मंडप बांधताना, प्रसाद वाटताना दोघांनीही दिसावे आणि गणपतीच्या वर्गणीची पावती दोघांच्या नावाने मागावी. आम्ही दोन वर्षे मागून घेतली. तिसऱ्या वर्षी खजिनदार काकांनी न विचारता दोन्ही नावे लिहिली आणि मुलाच्या नावाचे स्पेलिंग विचारले.