परदेशात गोष्टीतले पुतळे शोधताय? या चुका टाळा

आमच्या नाशकात रामकुंडाजवळ कुणी नुसतं 'मारुती कुठंय?' असं विचारलं, तर रिक्षावाला उलट विचारणार, 'कुठला?' 'दुतोंड्या' म्हणालात तर थेट गोदेच्या पात्राशी आणून सोडेल. पावसाळा असेल तर पाणी मारुतीच्या कमरेला आहे की गळ्याला, हेही सांगेल. गोदेचा पूर आम्ही त्याच्यावरच मोजतो.

एवढं घरचं शहाणपण असून लंडनला जाताना मी ते घरीच ठेवलं. भाचीला पीटर पॅनच्या, म्हणजे गोष्टीतल्या त्या कधीच मोठा न होणाऱ्या मुलाच्या, पुतळ्याचा फोटो पाठवायचं कबूल केलं होतं.

पहिली चूक, मोबाइलवर नुसतं नाव टाकलं. जॉर्ज फ्रॅम्प्टननं घडवलेल्या या ब्राँझच्या पुतळ्याची भावंडं ब्रसेल्स, लिव्हरपूल, टोरांटो, अगदी ऑस्ट्रेलियातल्या पर्थलाही आहेत. फोटो सगळ्यांचे सारखेच दिसतात. लंडनचा मूळ पुतळा केन्सिंग्टन गार्डन्समध्ये आहे. पीटरची गोष्ट लिहिणारे जे. एम. बॅरी यांनी तो १९१२ साली गुपचूप रातोरात बसवून घेतला, म्हणजे १ मेच्या सकाळी मुलांना तो जादूनं उगवल्यासारखा वाटावा.

दुसरी चूक महागात पडली. 'तळ्याकाठी' एवढंच वाचून मी शेजारच्या हाइड पार्कात सर्पेंटाइन तळ्याच्या काठानं तासभर भटकलो. तळं एकच, पण केन्सिंग्टनच्या हद्दीतल्या त्याच्या भागाला लाँग वॉटर म्हणतात आणि पुतळा त्याच्या पश्चिम काठावर आहे. लँकेस्टर गेट स्टेशनला उतरायचं, इटालियन गार्डन्सची कारंजी गाठायची आणि पाणी डाव्या हाताला ठेवून चालायचं. पाच-सात मिनिटांत पीटर भेटतो.

त्यात डिसेंबर. तिथं चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. हाइड पार्क मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं, केन्सिंग्टन गार्डन्स मात्र अंधार पडताच बंद. मी पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप! हिवाळ्यात जाणार असाल तर सकाळीच जा.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला अँडरसनच्या गोष्टीतली जलपरी आहे, तिची तऱ्हा वेगळी. ती लगेच सापडते, पण लोक 'एवढीशीच?' म्हणून हिरमुसतात. १९१३ पासून लांगेलिनीच्या धक्क्याशी दगडावर बसलेली ही मूर्ती जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. बोटीच्या सहलीतून तर तिची पाठच दिसते, तेव्हा चेहरा बघायचा असेल तर किनाऱ्यानं चालत जा. गर्दीला शिव्या देण्यात अर्थ नाही, आपणही त्या गर्दीतलेच.

पीटरकडे मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. चौथऱ्यावर ससे, उंदीर, खारी, पऱ्या यांची नुसती दाटी आहे, आणि मुलांचे हात फिरून फिरून सशांचे कान गुळगुळीत झालेत. घाईघाईत मी फक्त वरच्या पीटरचाच फोटो काढला. भाचीचा लगेच मेसेज, 'मामा, ससे कुठे आहेत?'