मल्टिमीटर मोजमापाच्या मध्येच बंद होऊ नये म्हणून काय करावे

गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. मालिम किंवा कुटबणच्या जेटीवर उभ्या असलेल्या ट्रॉलरची बॅटरी या दिवसांत चार्जरला लावली, की तिच्या व्होल्टेजवर तासन्‌तास लक्ष ठेवावे लागते. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत चढते आणि चार्जर काढून विसावल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्टवर स्थिरावते. हा चढउतार पाहत असतानाच हातातला मल्टिमीटर बंद पडतो, कारण बहुतेक मीटर बटण दाबले किंवा डायल फिरवला तरच कोणी काम करीत आहे असे मानतात. समोरचा आकडा बदलत असला तरी त्यांच्या लेखी ती हालचाल नसते.

प्रथम आपला मीटर किती वेळाने बंद होतो ते माहितीपुस्तिकेत पाहावे. ही मुदत सहसा दहा ते तीस मिनिटे असते. स्वयंबंद सुविधा चालू असताना अनेक मीटरच्या पडद्यावर घड्याळाचे चिन्ह किंवा ‘एपीओ’ (ऑटो पॉवर ऑफ) ही अक्षरे दिसतात.

त्यानंतर डायल ‘ऑफ’वर आणावा, ‘सिलेक्ट’ किंवा वेगळ्या रंगाचे दुय्यम बटण दाबून धरावे आणि तसेच धरून डायल हव्या त्या मापनावर फिरवावा. अनेक मीटरमध्ये एवढ्याने सुविधा स्थगित होते आणि ते चिन्ह नाहीसे होते. मात्र बटण कोणते हे उत्पादकानुसार बदलते, म्हणून अंदाजाने बटणे दाबत बसण्यापेक्षा पुस्तिका उघडणे बरे. मीटर बंद करून पुन्हा चालू केला की सुविधा सहसा परत लागू होते, त्यामुळे ही कृती दर वेळी करावी लागते. काही मीटरमध्ये किमान-कमाल नोंदीचा पर्याय निवडल्यास स्वयंबंद आपोआप थांबते.

खरा त्रास मीटर पुन्हा जागा केल्यावर होतो. निवडलेली रेंज, किमान-कमाल नोंद आणि एसी-डीसीची निवड पुष्कळदा पुसली जाते. डीसी मोजत असलेला मीटर एसीवर सुरू झाला आणि ते ध्यानात आले नाही, तर पडद्यावरचा शून्यासारखा आकडा चांगल्या बॅटरीलाही मेलेली ठरवतो. म्हणून प्रत्येक वेळी चिन्हे वाचूनच आकडा वाचावा.

याहून गंभीर बाब विद्युतप्रवाह मोजतानाची आहे. पडदा कोरा झाला तरी मीटरमधला शंट, म्हणजे प्रवाह ज्यातून जातो तो अगदी कमी रोधाचा भाग, सर्किटमध्येच असतो आणि प्रवाह वाहत राहतो. कोरा पडदा म्हणजे वीज नाही असे कधीही समजू नये: तारेला हात लावण्यापूर्वी मीटरच्या तारा अँपिअरच्या जॅकमधून काढून व्होल्टच्या जॅकमध्ये घालाव्यात, डायल व्होल्टवर आणावा आणि मीटर एखाद्या चालू सॉकेटवर तपासावा, मग ती तार तपासावी आणि पुन्हा त्याच सॉकेटवर मीटर पडताळावा. स्वस्त मीटरच्या दहा अँपिअरच्या जॅकजवळ काही सेकंदांचीच मर्यादा छापलेली असते. तेथे स्वयंबंद काढून मीटर लावून ठेवणे धोक्याचे.

ही सुविधा निरर्थक मात्र नाही. नऊ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता सुमारे ५०० मिलिअँपिअर-तास असते. दोन मिलिअँपिअर घेणारा मीटर शुक्रवारी संध्याकाळी चालू राहिला तर सोमवारी सकाळपर्यंत तिचा पाव भाग संपलेला असतो. काम झाल्यावर डायल ‘ऑफ’वर नेण्याची सवय त्यासाठीच हवी.

असे निरीक्षण वारंवार करावे लागत असेल, तर स्वयंबंद नसलेला साधा स्वस्त मीटर वेगळा ठेवावा, किंवा बॅटरीपाशी फ्यूजसह छोटा डिजिटल पॅनल व्होल्टमीटर कायमचा बसवून घ्यावा.