गेमसाठी एसएसडी कशी निवडावी: आधी स्लॉट, मग जागा, वेग सगळ्यात शेवटी

स्टारफिल्ड हा गेम २०२३ साली आला तेव्हा त्याच्या किमान गरजांतच १२५ जीबी जागा आणि एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह, असं लिहिलेलं होतं. बाल्डर्स गेट ३ला १५० जीबी लागतात. सायबरपंक २०७७ सुरुवातीला हार्ड डिस्कवर भागवून घ्यायचा, आता तोही एसएसडी मागतो. तेव्हा घ्यायची का, हा प्रश्न राहिलेला नाही. कोणती घ्यायची हे ठरवताना मात्र खोक्यावरचा ‘७००० एमबी प्रति सेकंद’ हा आकडा भुरळ घालतो आणि पैसे नको तिथे जातात. गेमच्या ड्राइव्हला एकदा शंभर जीबी लिहायचे असतात आणि पुढे महिनोन्‌महिने नुसतं वाचायचं असतं. या कामाला काय लागतं तेवढंच बघा.

१. मदरबोर्ड काय घेतो ते बघा

विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा. ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’समोर मदरबोर्डचं मॉडेल दिसेल. कंपनीच्या साइटवरून त्याचं मॅन्युअल उतरवा आणि स्टोरेजचं पान काढा. एम.२ स्लॉट (पातळ पट्टीसारखी एसएसडी बसते ती जागा) किती आहेत, त्यातला कोणता एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) घेतो, कोणता फक्त साटा (जुनी, संथ पद्धत), आणि कोणता पीसीआयईच्या, म्हणजे एनव्हीएमई ज्यावर चालते त्या जोडणीच्या, कितव्या पिढीचा, हे तिथे असतं. एम.२ हे नुसतं आकाराचं नाव आहे. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. एसएसडीच्या कनेक्टरला दोन खाचा असतील तर ती बहुतेक वेळा साटा, एकच असेल तर एनव्हीएमई.

त्याच पानावरच्या तळटीपाही वाचा. अमुक एम.२ स्लॉट वापरल्यास तमुक साटा पोर्ट बंद होतील, असं बऱ्याच बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. नवी एसएसडी बसवली आणि जुनी हार्ड डिस्क ‘मेली’, अशा तक्रारींमागे अनेकदा एवढंच असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत दिसते.

लांबीही बघा. डेस्कटॉपला २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीला २२३० लागते. पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंना चिप असलेली एसएसडी बसेलच असं नाही.

२. जागा

१ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये ९३१ जीबी दाखवते. यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. त्यातली दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवायची. अपडेट येतं तेव्हा बदललेल्या मोठ्या फाइली नव्याने बांधल्या जातात आणि तेवढ्यापुरती बरीच जागा लागते. पॅच पाच जीबीचा आणि स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि उतरवायचं ॲप) मागतं पन्नास, ते यामुळे. म्हणून ५०० जीबीत मोठे गेम तीनच नीट मावतात. १ टीबीच्या खाली जाऊ नका. इंटरनेटला एफयूपीची मर्यादा असेल तर २ टीबी परवडते, कारण काढून टाकलेला गेम पुन्हा उतरवण्यात महिन्याचा डेटा जातो.

३. वेगाचं खरं मोल

हार्ड डिस्क मागे पडते ती हेड इकडून तिकडे फिरवण्यात. गेम हजारो ठिकाणचे छोटे तुकडे मागतो आणि दर वेळी काही मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचणारी साधी साटा एसएसडीसुद्धा मोठा फरक पाडते. साटावरून सेकंदाला ३५०० एमबी वाचणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमईवर गेलात तर बहुतेक गेममध्ये लोडिंगचे काही सेकंद वाचतात. त्यापुढे चौथी आणि पाचवी पिढी घड्याळ लावून बसल्याशिवाय ओळखू येत नाही, कारण आता खोळंबा प्रोसेसरचा असतो: आलेला डेटा उलगडायचं काम त्याच्याकडे. मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज हे तंत्र हे काम हलकं करतं. जानेवारी २०२३चा फोरस्पोकन हा ते वापरणारा पीसीवरचा पहिला गेम, पण असे गेम अजून थोडेच आहेत.

तेव्हा चौथ्या पिढीची मध्यम एनव्हीएमई घ्या आणि पाचव्या पिढीचे पैसे जागेत घाला. चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्येही चालते, फक्त स्लॉटच्या वेगाने.

४. टीएलसी की क्यूएलसी

एसएसडीतल्या चिपचे हे दोन प्रकार. टीएलसी एका सेलमध्ये तीन बिट ठेवते, क्यूएलसी चार. वाचताना फरक कमी, लिहिताना तो उघडा पडतो. क्यूएलसी एसएसडीवर १५० जीबीचा गेम कॉपी करायला लावा आणि विंडोजचा हिरवा आलेख बघत बसा. सुरुवातीला सेकंदाला दीड-दोन जीबी. मग वेगवान कॅश (आलेला डेटा आधी झेलणारा भाग) भरते आणि रेषा कड्यावरून पडल्यासारखी १०० एमबीच्या आसपास येते. म्हणजे हार्ड डिस्कचा वेग. एसएसडी बिघडलेली नसते, तिचा स्वभावच तो. ड्राइव्ह जितकी भरलेली, तितकी कॅश लहान. किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्या. त्याच मॉडेलच्या नावाखाली आतली चिप बदलल्याचेही प्रकार झाले आहेत, तेव्हा जुन्या रिव्ह्यूवर फार विसंबू नका.

डीरॅम (एसएसडीवरची स्वतःची छोटी मेमरी) नसलेली एनव्हीएमई गेमना चालते, ती कॉम्प्युटरच्या रॅममधला छोटा भाग वापरते. साटाला ती सोय नाही. विंडोजही त्यावरच टाकणार असाल तर डीरॅमवाली बघा.

टीबीडब्ल्यूची, म्हणजे एकूण किती टीबी लिहिता येतील याच्या आकड्याची, चिंता सोडा. १ टीबी टीएलसीला साधारण ६०० टीबीडब्ल्यू मिळतात, म्हणजे शंभर जीबीचा गेम सहा हजार वेळा टाकता येईल.

५. बसवणे

स्विच बंद करा, केबल काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. एसएसडी तिरकी, साधारण ३० अंशांत, सोनेरी पट्टी आत जाईपर्यंत सरकवा, मग हलकेच खाली दाबून स्क्रू लावा. हा बारीक स्क्रू आणि त्याखालचा खुंट मदरबोर्डच्या खोक्यात येतो, एसएसडीसोबत बहुधा नाही. आधी शोधून ठेवा. खुंट न लावता आवळलं तर एसएसडी वाकते. बोर्डाच्या हीटसिंकखालच्या (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या झाकणाखालच्या) पॅडवरची प्लॅस्टिकची फिल्म सोला. ती तशीच राहिली तर उष्णता अडून बसते आणि एसएसडी स्वतःहून वेग कमी करते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात, ग्राफिक्स कार्डाखालच्या स्लॉटमध्ये, हे लगेच जाणवेल.

६. पहिल्या दिवशी

‘धिस पीसी’त नवी ड्राइव्ह दिसली नाही तर घाबरू नका. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून जीपीटी निवडा, न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस. नाव तपासून मगच ओके म्हणा; चुकून जुनी ड्राइव्ह फॉरमॅट करणारे कमी नाहीत. स्टीममध्ये सेटिंग्जच्या स्टोरेजमध्ये ती जोडा. मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्सखाली हलवायचा पर्याय आहे. फोल्डर हाताने कट-पेस्ट करू नका.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवा. ट्रान्सफर मोडसमोर दोन नोंदी दिसतात: डावीकडे सध्याचा वेग, उजवीकडे एसएसडीची क्षमता. डावीकडे पीसीआयई ३.० आणि उजवीकडे ४.० असेल तर स्लॉट जुना आहे किंवा चुकीचा निवडलाय. फार स्वस्तात मोठी ड्राइव्ह मिळाली असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने ती पूर्ण भरून, लिहिलेली जागा खरंच आहे का, ते पडताळा. हे सगळं परत देण्याची मुदत संपायच्या आत उरका आणि बिल जपून ठेवा.