सर्व्हरवरच्या आलेखातली मराठी अक्षरं गायब होतात तेव्हा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्याच्या भावाचा आलेख लॅपटॉपवर झकास दिसतो. तोच सर्व्हरवर काढला की रेषा ठीक, आकडे ठीक, पण 'संत्री' आणि 'अंबिया बहार' यांच्या जागी रिकामे चौकोन. मग कोणीतरी हमखास सांगतं, यूटीएफ-8 तपासा, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत (एन्कोडिंग) बघा. काहून? एन्कोडिंग बिघडलं असतं तर प्रश्नचिन्हं किंवा भलतीच परकी अक्षरं दिसली असती. चौकोन आला म्हणजे अक्षर बरोबर पोचलंय, फक्त वापरलेल्या फॉन्टमध्ये त्याचं रूप नाही.

म्हणून आधी चित्र नीट बघा. चौकोन असतील तर फॉन्ट मिळालाय, पण त्यात देवनागरी नाही. मजकुराच्या जागी काहीच नसेल तर बहुधा फॉन्टची फाइलच सापडलेली नाही; पीएचपी भाषेच्या जीडी या चित्रं काढायच्या लायब्ररीमध्ये हे नेहमीचं, तिथे फॉन्टचा पत्ता मुळापासून पूर्ण द्या. अक्षरं आहेत पण जोडाक्षरं फुटलीत, तर खाली चौथ्या पायरीवर या.

दुसरी पायरी फॉन्टची. विंडोजवर निर्मला यूआय हा देवनागरी फॉन्ट असतो, लिनक्स सर्व्हरवर नसतो. कोडमध्ये तेच नाव राहिलं की मॅटप्लॉटलिब (पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी) लॉगमध्ये एक इशारा टाकून डेजाव्हू सान्स हा फॉन्ट वापरतं, आणि त्यात देवनागरी नाही. सर्व्हरवर नोटो किंवा लोहित देवनागरी बसवता येतो, पण माझं मत ठाम आहे: मुक्ता या देवनागरी फॉन्टची फाइल प्रकल्पाच्याच फोल्डरात ठेवा आणि कोडमध्ये तिचा थेट पत्ता द्या. वेब सर्व्हर वेगळ्या यूजरने चालतो. तुमच्या होम फोल्डरातला फॉन्ट तुम्हाला टर्मिनलवर दिसतो, त्याला दिसत नाही.

तिसरी: फॉन्ट सर्व्हरवरच बसवला असेल तर मॅटप्लॉटलिबच्या कॅशमधली (साठवून ठेवलेली) फॉन्टची जुनी यादी पुसा आणि सेवा रीस्टार्ट करा.

आता चौथी. इथे भलेभले फसतात, कारण चौकोन गेले की काम झालं असं वाटतं. मीही तसाच खूश झालो होतो. नंतर 'सीताबर्डी' वाचायला गेलो, तर रफार डोक्यावर न जाता 'र' सुटा पडला होता आणि त्याला हलंत लटकलेला. 'रविनगर'मधली वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर आली होती. देवनागरीत नुसती अक्षरं ओळीने ठेवून भागत नाही. वेलांटी मागे सरकवणं, रफार वर चढवणं, जोडाक्षर बांधणं हे सगळं कोणीतरी करावं लागतं. ब्राउझर ते मुकाट्याने करतो. मॅटप्लॉटलिब 3.10 पर्यंत करत नाही. फॉन्ट कितीही बदला, फरक पडणार नाही. 'अमुक फॉन्ट टाका, होते बरोबर' असं सांगणाऱ्याने बहुधा जोडाक्षर असलेला शब्द तपासलेलाच नसतो.

पिलो (पायथनमधली चित्रांची लायब्ररी) वापरत असाल तर आणखी एक खोच. रॅक्म हा मजकूर मांडणारा भाग उपलब्ध असेल तर तो अक्षरं नीट बांधतो, पण लिनक्सवर त्यासाठी फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते. ती नसली की पिलो तक्रार न करता साध्या मांडणीवर उतरतो. रॅक्म चालू आहे का, हे पिलोच्या फीचर्स मॉड्यूलला विचारूनच पुढे जा.

आलेख पानावरच दाखवायचा असेल तर सर्व्हरवर अक्षरं रंगवूच नका. मॅटप्लॉटलिबमधून एसव्हीजी (रेषा-मजकुराच्या सूचना असलेली चित्राची फाइल) काढा आणि त्याचा फॉन्टटाइप 'नन' ठेवा. मूळ सेटिंगमध्ये अक्षरांच्या नुसत्या रेषा होतात आणि फुटलेलं फुटलेलंच राहतं. 'नन' केलं की मजकूर मजकूरच राहतो, बांधणी ब्राउझर करतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला पीएनजी लागतेच, तेव्हा पँगो ही मजकूर बांधणारी लायब्ररी वापरणारं साधन घ्या, उदाहरणार्थ नोड.जेएसचं कॅनव्हास, किंवा हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोमियम ब्राउझरमधून चित्र काढा. फॉन्ट मात्र त्यांनाही लागतोच.

तपासायला 'महाल' किंवा 'बहार' घेऊ नका, ते शब्द मोडक्या मांडणीतही धडधाकट दिसतात. 'सीताबर्डी', 'सक्करदरा' आणि 'रविनगर' घ्या.

सर्व्हरवरचा प्रोग्रॅम डॉकरच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त डब्यात) चालत असेल तर फॉन्ट बसवायची ओळ डॉकरफाइलमध्येच लिहा. चालू कंटेनरमध्ये हाताने टाकलेला फॉन्ट पुढच्या डिप्लॉयला (नवी आवृत्ती चढवताना) उडतो, आणि चौकोन परत येतात.