शस्त्र परवाना: नियम बदलण्याच्या अफवा, निवडणुकीत शस्त्र जमा करणं आणि परवानाधारकाने करून ठेवायची कामं

सरकार बदललं की परवानाधारकांत एकच चर्चा सुरू होते: आता बंदुका काढून घेणार. मुंबईत किंवा पणजीत सत्ता बदलल्याने शस्त्र कायदा बदलत नाही. शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र सूचीतली पाचवी नोंद आहे, त्यामुळे १९५९ चा कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम दिल्लीतच बदलतात. राज्यात बदलते ती अंमलबजावणी. पडताळणी कडक होते, नूतनीकरण रेंगाळतं, जुन्या गुन्ह्यांच्या याद्या बाहेर निघतात. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात परवान्यांची फेरतपासणी होऊन मोठ्या संख्येने परवाने रद्द झाले, तेव्हा कायद्यातलं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. म्हणून तयारी करायची ती कागदांची.

कायदा खरोखर बदलतो तेव्हा काय होतं, हे २०१९ च्या दुरुस्तीवरून कळतं. १९८३ पासून एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. २०१९ च्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात ही संख्या एकवर आणली होती. विरोध झाल्यावर संसदेने दोन मंजूर केल्या. दुरुस्ती डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाली आणि जादा बंदूक जमा करायला किंवा विकायला एक वर्ष मिळालं. मसुदा वाचूनच बंदूक विकायला काढणाऱ्याने दुसरी बंदूक विनाकारण घालवली असती. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नवीन नियम’ आला की आधी विचारा: हे विधेयक आहे, मंजूर कायदा आहे की राजपत्रातली अधिसूचना? अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख नसेल तर काहीही करू नका. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, हेही लक्षात असू द्या.

दोनच्या मोजणीत वारसाने आलेली बंदूकही धरली जाते. आजोबांची दुनळी आणि स्वतःचं रिव्हॉल्व्हर एवढ्यात कोटा संपला. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफलपुरती सवलत आहे. छऱ्याच्या बंदुकीला, म्हणजे एअरगनला, परवाना लागत नाही, असं सर्रास समजतात. पण तिची ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा बोअर (नळीचा आतला व्यास) पॉइंट १७७ इंचापेक्षा मोठा असेल, तर परवाना लागतोच. पॉइंट टू-टूची एअर रायफल घेणारे इथेच फसतात.

फाईल

एका जाड फोल्डरमध्ये पुढचे कागद ठेवा आणि प्रत्येकाची छायाप्रत घराबाहेर दुसऱ्या ठिकाणी ठेवा:

- मूळ परवाना, नूतनीकरणाच्या सर्व शिक्क्यांसह. यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक, त्यावर आहे ना ते पाहा. जुन्या हस्तलिखित पुस्तकांवर बऱ्याचदा तो नसतो. नसेल तर आधी तेवढंच काम करून घ्या.
- बंदूक खरेदीची पावती, किंवा हस्तांतराचा आदेश.
- काडतुसांच्या खरेदीची बिलं. परवान्यावर दोन आकडे असतात, एका वेळी जवळ किती आणि वर्षाला किती. तपासणीत दोन्ही बघतात.
- पूर्वी जमा केलेल्या शस्त्राच्या पावत्या आणि परत मिळाल्याची नोंद.
- नूतनीकरणाच्या प्रत्येक अर्जाची पोच, आवक क्रमांकासह.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी द्यायचा असतो. चार महिने आधी दिलेला बरा, कारण पोलीस ठाण्याचा अहवाल, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र दाखवण्याची तारीख यातच वेळ जातो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत परवाना आयुक्तांकडून मिळतो, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेतून. राहण्याचं ठिकाण बदललं तर ३० दिवसांत दोन्हीकडे कळवायचं, म्हणजे जुन्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला आणि नव्या ठिकाणच्यालाही. मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले आणि बंदूक गावच्या कपाटात ठेवलेले लोक पडताळणीत अडकतात ते इथेच. पोलीस पाटील सांगतो ‘इथे राहत नाहीत’, आणि अहवाल प्रतिकूल जातो.

नंबर जुळवून पाहा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण फार थोडे लोक करतात. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. दुनळी असेल तर पुढचा लाकडी हात काढा, नळ्या सुट्या करा आणि नळ्यांच्या खालची सपाट बाजू व अ‍ॅक्शनचा (नळ्या ज्यात बसतात त्या यंत्रणेचा) सपाट भाग कापडाने पुसून टॉर्चच्या उजेडात वाचा. जुन्या इंग्लिश बंदुकांवर तिथे बरंच काही कोरलेलं असतं. अनुक्रमांक, पेटंट नंबर, प्रूफ हाउसचे (बंदुकांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे) शिक्के, चेंबरची (काडतूस बसतं त्या भागाची) लांबी, सगळं एकाच ठिकाणी. ५०-६० वर्षांपूर्वी परवान्यावर नोंद करताना कारकुनाने अनुक्रमांकाऐवजी पेटंट नंबर उतरवलेला असण्याची शक्यता चांगलीच असते. नळीवर एक नंबर, अ‍ॅक्शनवर दुसरा, असंही सापडतं. म्हणजे कधीतरी नळी बदलली गेली आहे. मळ भरून ३ चा ८ किंवा ६ चा ० झालेला असतो. मऊ ब्रश आणि थोडं तेल वापरा. सॅंडपेपर अजिबात नको, कारण नंबर घासलेला दिसला तर ते वेगळंच प्रकरण होतं.

तफावत सापडली तर स्वतःहून परवाना शाखेला दुरुस्तीचा अर्ज द्या. सोबत नंबरचे जवळून काढलेले फोटो आणि परवानाधारक विक्रेत्याचा तपासणी दाखला जोडा. तुम्ही कळवलं तर ती कारकुनी चूक ठरते. हीच तफावत पोलिसांना जप्तीच्या वेळी सापडली, तर परवान्याबाहेरची बंदूक म्हणून तिच्याकडे पाहिलं जातं.

निवडणुकीतली जमा

आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो, ‘बंदूक आणून ठेवा’. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करावीत असा नियम नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोव्यातल्या एका प्रकरणातल्या निकालानंतर निवडणूक आयोगाने २००९ मध्ये सूचना दिल्या. त्यानुसार जिल्हा पातळीवर छाननी समिती बसते, त्यात जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस प्रमुख असतात. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले आणि दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत नाव आलेले अशांच्या परवान्यांचा विचार प्रामुख्याने होतो. ज्यांचं शस्त्र जमा करायचं त्यांना नोटीस दिली जाते. उमेदवारी मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेपासून सात दिवसांत जमा करायचं आणि निकालानंतर एक आठवड्याने ते परत मिळायला हवं.

शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यांची अडचण यात खरी आहे. सिंधुदुर्गात किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात रानडुकरं आणि माकडं आचारसंहिता बघून येत नाहीत. अशांनी फोनवर वाद घालण्यापेक्षा समितीच्या नावे एक पानी अर्ज द्यावा: परवाना क्रमांक, सातबारा उतारा किंवा गोव्यात एक-चौदाचा उतारा, मागच्या पीक नुकसानीचे पंचनामे, वन खात्याकडे केलेल्या भरपाईच्या अर्जाची पोच आणि ‘माझ्यावर कोणताही गुन्हा प्रलंबित नाही’ हे वाक्य. आचारसंहिता जाहीर झाल्याच्या दोन-तीन दिवसांत दिला तर त्याचा उपयोग होतो, नोटीस हातात पडल्यावर फारसा नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याची परवानगी नव्हे, ती वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते. अर्ज लिहिताना या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश वेगळे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणारे आदेश साधारणपणे शस्त्र घेऊन बाहेर फिरण्यावर असतात, घरात ठेवण्यावर नाही. आदेश पूर्ण वाचा, वर्तमानपत्रातला मथळा पुरेसा नाही.

ठाण्यात देण्याआधी

लोकसभा २०२४ चा निकाल ४ जूनला लागला, म्हणजे मृगाच्या तोंडावर. कोकणात मुद्देमाल कक्षात पावसाळाभर पडून राहिलेली बंदूक गंजूनच परत येते. त्यामुळे देतानाच तयारी करून द्या.

ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) असेल तर पहिलं काम आत भरलेला बार बाहेर काढण्याचं. रिकाम्या नळीत गज किती खोल जातो त्याची खूण गजावर आधीच करून ठेवलेली असावी. आता गज त्या खुणेपर्यंत जात नसेल तर आत दारू आहे. ठिणगी देणारी टोपी निपलवर, म्हणजे घोडा आपटतो त्या टोकावर, नाही ना, हे पाहा. बार काढता येत नसेल तर जाणकार विक्रेत्याकडे न्या, ठाण्यात भरलेली बंदूक देऊ नका.

दुनळीसाठी: दोन्ही चेंबर डोळ्यांनी पाहा. पितळी ब्रश पाच-सहा वेळा आरपार फिरवा, कोरड्या चिंध्या काळ्या यायच्या थांबेपर्यंत ओढा, मग बंदुकीच्या तेलाची एक चिंधी. खोबरेल वापरू नका, ते घट्ट होऊन अ‍ॅक्शनमध्ये चिकटतं. बाहेरच्या पोलादावर तेलाचा पातळ थर द्या, लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन थेंब पुरे. नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घालू नका. तो ओलावा धरतो, आणि परत आल्यावर कोणी विसरून बार उडवला तर नळी फुटते. चामड्याच्या किंवा फोमच्या खोळीत ठेवू नका. जुनं सुती कापड गुंडाळा, वर सुतळी आणि नावाचं लेबल. स्प्रिंग ताणलेल्या राहू नयेत म्हणून स्नॅप कॅप (डमी काडतुसं) घालून घोडे सोडून द्या.

देण्याआधी चारही बाजूंचे आणि नंबरांचे फोटो काढा, त्यात आधीचे ओरखडेही आले पाहिजेत. पावतीवर हे सगळं हवं: बंदुकीचा प्रकार, मेक, बोअर, नंबर, सोबत दिलेले सुटे भाग, काडतुसं बोअर आणि छऱ्याच्या नंबरसह मोजून, स्टेशन डायरीचा क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव, पदनाम आणि शिक्का. ‘एक बंदूक मिळाली’ एवढ्याच पावतीवर परत घेताना काय वाद होतील ते सांगायला नको. काडतुसं विसरू नका. बंदूक ठाण्यात आणि काडतुसं घरात, असं असलं की तपासणीत प्रश्न येतोच. परवान्याचं मूळ पुस्तक ठेवून घेत असतील तर शिक्का मारलेली छायाप्रत मागा. आदेशात मुभा असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. भाडं पडतं, पण बंदूक कोरडी राहते.

परत मिळाल्यावर नंबर तिथेच जुळवा, घरी येऊन नाही. पहिला बार उडवण्याआधी नळ्यांतून उजेडाकडे पाहा आणि चेंबरमधलं तेल पूर्ण पुसा.

नोटीस आली तर

परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची कारणं कायद्याच्या कलम १७ मध्ये दिली आहेत, त्यातलं नेमकं कोणतं लावलं ते नोटिशीत शोधा. बऱ्याच नोटिसांचं मूळ जुनी चॅप्टर केस (पोलिसांची प्रतिबंधात्मक कारवाई) किंवा ज्यातून निर्दोष सुटका झाली तो खटला असतो. ठाण्याच्या नोंदवहीत गुन्हा दाखल झाल्याचं असतं, सुटल्याचं नसतं. निकालाची प्रमाणित प्रत आणि ‘प्रकरण बंद’ असा दाखला काढून उत्तराला जोडा. उत्तर मुद्देवार द्या, राजकारणाबद्दल एक शब्दही नको.

रद्दचा आदेश झाला तर कारणांची प्रत लेखी मागा आणि ३० दिवसांत अपील करा. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाकडे. अपील केल्याने आदेश आपोआप थांबत नाही, स्थगिती मागावी लागते. तोवर कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करा. निकाल लागेपर्यंत बंदूक घरात ठेवणारा माणूस जिंकता येणारं अपील स्वतः हरतो, वर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा अंगावर येतो.

विकायची असेल तर परवाना असलेल्या माणसालाच, आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवून ४५ दिवस थांबल्यावरच. वारसाच्या नावे करण्यासाठी मृत्यूचीच वाट पाहावी लागत नाही. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा हयातीतच हस्तांतर होऊ शकतं. इतर वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं तेव्हाच घेऊन ठेवा, कारण नंतर एक भाऊ दुबईत आणि एक बहीण बोलत नसलेली, अशी स्थिती आली की बंदूक वर्षानुवर्षं मुद्देमाल कक्षातून हलत नाही.