पाऊस सप्टेंबरचा, सही जुलैची

कॅम्पसच्या देखभालीला नव्याने लागलेल्या ज्युनिअर इंजिनिअरांसाठी हे लिहितोय. तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता यांतला फरक, मोजमाप पुस्तिकेत खाडाखोड का करायची नाही, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर सेक्शनमधल्या जुन्या क्लार्कला चहा पाजा, दोन दिवसांत येईल. मला सांगायचंय ते गच्चीबद्दल आणि एका सहीबद्दल.

सोलापुरातल्या एका शिक्षणसंस्थेचं मोठं संकुल माझ्याकडे होतं. विद्यापीठात याला मालमत्ता विभाग म्हणतात, कॉलेजात नुसतं मेंटेनन्स. शिव्या दोन्हीकडे सारख्याच. वाचनालयाच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग नवं होतं आणि त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत, ऑगस्टात संपत होता. ठेकेदाराचा माणूस जुलैतच फाईल घेऊन आला. वर गेलो, गच्ची कोरडी ठणठणीत. खाली स्लॅबला ओल नाही. ‘दोष आढळला नाही’ लिहून सही ठोकली. ठेकेदाराची अडकवून ठेवलेली अनामत सुटली.

सप्टेंबरात एका रात्री जो कोसळला, तो सकाळी संदर्भग्रंथांच्या कपाटांवरून ओघळत होता. ठेकेदाराने फोन उचलला, अगदी गोड बोलला आणि म्हणाला, “साहेब, पीरियड संपला की वो.”

आता नीट ऐका, कारण हे पुस्तकात नसतं. जुलैत गच्ची पाहिली म्हणजे पावसाळ्यात पाहिली, हा हिशोब कोकणातला. आपल्याकडे सरासरीने सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. जून-जुलैत नुसती भुरभुर. कागदावर एक पावसाळा उलटतो आणि गच्चीने खरा पाऊस पाहिलेलाच नसतो. त्यामुळे कोरडी गच्ची बघून सही करायची नाही. पाणी साठवून बघायचं, निदान 48 तास, आणि रोज खालच्या खोलीत जाऊन छत हाताने चाचपायचं. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेची गोलाई आणि पावसाळी पाईपचं तोंड इथे आधी बघा. गळती बहुतेक तिथूनच शिरते.

मी चाचणी का केली नाही? पाण्यासाठी. नळाला पाणी काही दिवसांआड यायचं. दहा हजार चौरस फुटांच्या गच्चीवर दोन इंच पाणी म्हणजे साधारण 47 हजार लिटर. हॉस्टेलची पोरं बादल्या घेऊन उभी असताना गच्चीवर टँकर रिकामे करायचे, हे सांगायला साहेबांकडे जायची माझी हिंमत झाली नाही. उपाय नंतर सुचला आणि तो फुकटातला आहे. कच्च्या विटा-मातीचे बांध घालून गच्चीचे पाच भाग करा. एका भागाला दहा हजार लिटरचा एक टँकर पुरतो. 48 तासांनी तेच पाणी पंपाने पुढच्या भागात ढकला, कमी पडेल तेवढी भर घाला. शेवटी उरलेलं कडुनिंबांना सोडा.

आणि हो, माळीमामांनी मला आधीच सांगितलं होतं, “गच्चीच्या कोपऱ्यात पिंपळ उगवलाय साहेब.” मी म्हटलं, उपटून टाका. पिंपळ उगवतो तिथे ओल धरलेली असते, एवढंही डोक्यात आलं नाही. माझं मत विचाराल तर केबिनमधल्या सिनिअरपेक्षा माळी, वायरमन आणि पंपवाला हे खरे गुरू. जो सिनिअर जिना चढत नाही, त्याच्या ‘कर रे सही, काही होत नाही’वर विसंबू नका. काही झालं तर नोटीस तुमच्या नावाने निघते. माझ्या नावाने निघाली.

घाबरू नका मात्र. कारणे दाखवा नोटिशीला खरं उत्तर लिहिलं, नोकरी राहिली. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या देखभालीच्या पैशातून झाली आणि त्यात हॉस्टेलचं रंगकाम राहून गेलं, तो राग पोरांनी वर्षभर काढला.

बाकीचं थोडक्यात. अग्निशमन यंत्रणेचा बी फॉर्म, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत लागतो, परवानाधारक एजन्सीकडूनच घ्या. झाड तोडायचं तर आधी परवानगी. इमारतीच्या पायथ्याशी हिरवळ लावायची हौस कुणाला आली तर आडवे पडा. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या, भेगा भरत बसायचं काम तुमच्याकडे येतं.

आता निविदेचा मसुदा माझ्या टेबलावर आला की वॉटरप्रूफिंगच्या दोषदायित्वाची अखेर मी 31 डिसेंबरला नेऊन ठेवतो, पाणी साठवण्याच्या चाचणीचा खर्चही ठेकेदाराच्याच गळ्यात घालतो. कुरकुरतात, दर थोडा चढा भरतात. भरू देत.