गाडीच्या एसीत घरी गॅस भरताना: काटा गेजचा नव्हे, वजनाचा

एसीचा गॅस वापरून संपत नाही, गळतो. म्हणून आधी गळती शोधा: सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन, सांध्यांतल्या ओ-रिंगा (रबरी कड्या), कंडेन्सर (रेडिएटरसमोरची गॅस थंड करणारी जाळी). गॅसबरोबर तेलही झिरपतं, त्यामुळे तेलकट डागावर धूळ चिकटलेली दिसली की तिथे साबणाचा फेस लावा.

आत किती गॅस उरलाय हे गेज (दाब दाखवणारा काटा) सांगत नाही. बंद गाडीत 30 अंशाला आर-134ए चा (गाडीच्या एसीतला एक गॅस) दाब सुमारे 97 पीएसआयच (दाबाचं एकक) दिसतो, आत 200 ग्रॅम असो वा 400. उरलेला गॅस गॅरेजच्या रिकव्हरी मशीनने काढून घ्या. हवेत सोडू नका.

मग पंपाने 30 मिनिटं व्हॅक्यूम (आतली हवा आणि ओल ओढून घेणं), पंप बंद, 15 मिनिटं थांबा. गेजचा काटा सरकला तर गळती बाकी आहे. हा टप्पा पावसाळ्यात तर मुळीच गाळू नका. राहिलेली ओल एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब एकदम उतरवणारी बारीक झडप) गोठते आणि गारवा येतो-जातो.

बॉनेटखालच्या स्टिकरवरचंच वजन भरायचं. कॅन वजनकाट्यावर उभा, नळीतली हवा काढलेली, इंजिन आणि एसी चालू, जोडणी फक्त लो-साइडला (कमी दाबाच्या बाजूला). हाय-साइडला जोडलेला कॅन फुटू शकतो. गॅस जास्त झाला तरी गारवा कमीच होतो, वर कॉम्प्रेसरवर ताण. चष्मा आणि हातमोजे हवेतच.